व्हॅलंट ॲरोथर्म प्लस हीट पंप: यंत्र उत्तम, पण मापात घेतलं तर

व्हॅलंटचा ॲरोथर्म प्लस हा ब्रिटनमधल्या मध्यम आकाराच्या घरासाठी आज मिळणाऱ्या चांगल्या हीट पंपांपैकी, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणाऱ्या यंत्रांपैकी, एक आहे, हे आधीच सांगून टाकतो. तरीही हाच पंप एका घरात वर्षाला २,५०० युनिट वीज घेतो आणि शेजारच्या तशाच घरात ३,६०० घेतो. किती किलोवॉटचा पंप निवडला आणि रेडिएटरमधून किती गरम पाणी फिरवलं, यावर हा फरक ठरतो. गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर थंडीच्या दिवसांत किती ताण येणार, तेही याच दोन गोष्टींवर ठरतं. म्हणून इथे यंत्राइतकंच मापाबद्दल लिहिलं आहे. स्लाऊ, हॅरो, रेडिंग, मिल्टन कीन्स अशा ठिकाणी सेमी-डिटॅच्ड (शेजाऱ्याशी एक भिंत सामायिक असलेल्या) घरात राहणारी, गॅसचा बॉयलर म्हातारा झालेली मराठी कुटुंबं डोळ्यांपुढे ठेवून हे लिहितो आहे.

आधी पेटीविषयी. ॲरोथर्म प्लस मोनोब्लॉक प्रकारचा आहे. कॉम्प्रेसर, पंखा आणि शीतकाचं (उष्णता वाहून आणणाऱ्या वायूचं) सगळं चक्र बाहेरच्या पेटीत बंद असतं, घरात येतात त्या फक्त पाण्याच्या दोन नळ्या. शीतक आहे आर-२९०, म्हणजे साधा प्रोपेन. वातावरण तापवण्याची त्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या तिप्पट धरतात; बऱ्याच इतर पंपांमध्ये असलेल्या आर-३२ ची ६७५ पट धरतात. प्रोपेनमुळेच हा पंप ७५ अंश सेल्सिअसपर्यंत पाणी तापवू शकतो. आकार पाच आहेत: ३.५, ५, ७, १० आणि १२ किलोवॉट.

प्रोपेन हवेपेक्षा जड आणि पेट घेणारा. ५ किलोवॉटच्या पेटीत तो ६०० ग्रॅमच असतो, पण गळला तर जमिनीलगत पसरतो. म्हणून पेटीभोवती साधारण १ मीटरच्या पट्ट्यात खिडकी, दार, हवेची जाळी, गटाराचं तोंड, विजेचं सॉकेट किंवा दिव्याचं बटण असून चालत नाही. सेमी-डिटॅच्ड घराच्या बाजूच्या बोळात नेमकं स्वयंपाकघराचं दारही असतं आणि गटाराची जाळीही. सर्व्हेला आलेल्या माणसाने टेप काढून ही अंतरं मोजली नाहीत, तर पुढे पेटी बागेच्या टोकाला न्यावी लागते आणि जमिनीखालच्या लांब नळ्यांचा खर्च वाढतो. शेजाऱ्याच्या हद्दीपासून १ मीटर दूर राहण्याची बांधकाम परवान्याची अट इंग्लंडमध्ये मे २०२५ ला निघाली, पण प्रोपेनचा हा पट्टा त्यामुळे रद्द होत नाही. दमट थंडीत पेटीतून दिवसाला कित्येक लिटर पाणी गळतं, तेही खडी भरलेल्या शोषखड्ड्यात गेलं पाहिजे. ते पायवाटेवर आलं, तर जानेवारीत तिथे बर्फ होतो आणि माणूस घसरतो.

आता माप. इथे सर्वात जास्त चुका होतात, आणि त्याचं मूळ कॉम्बी बॉयलरमध्ये आहे. कॉम्बी बॉयलर २४ ते ३० किलोवॉटचा असतो, कारण शॉवरचं पाणी त्याला जागच्या जागी तापवायचं असतं. घर उबदार ठेवायला त्यातला एक छोटा हिस्साही पुरतो. हे लक्षात न घेता "३० चा बॉयलर होता, निदान १० चा पंप तरी हवाच" असा सल्ला दिला जातो. तो सल्ला तपासायला तुमचं गॅसचं वर्षाचं बिल पुरेसं आहे.

समजा वर्षाला १२,००० किलोवॉट-तास, म्हणजे तेवढेच युनिट, गॅस लागतो. बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर घरात प्रत्यक्ष १०,२०० युनिट उष्णता आली. त्यातली आंघोळी-भांड्यांच्या पाण्याची २,५०० वजा करा, उरली ७,७००. दक्षिण आणि मध्य इंग्लंडमध्ये हीटिंगचे अंश-दिवस (हीटिंग लागेल अशा तापमानाच्या खाली रोज किती अंश गेलं, त्याची बेरीज) वर्षाला साधारण २,००० धरतात. ७,७०० ला २,००० गुणिले २४ ने भागलं की ०.१६ येतं. म्हणजे आत-बाहेरच्या तापमानात १ अंशाचा फरक असला की घर ०.१६ किलोवॉट उष्णता गमावतं. आत २० आणि बाहेर उणे २ असताना फरक २२ अंशांचा, म्हणून गरज ३.५ किलोवॉट. या घराला ५ चा पंप भरपूर झाला. इथे १० चा बसवला, तर तो वर्षातले बहुतेक दिवस चालू-बंद, चालू-बंद करत राहील.

त्याचं कारण सोपं आहे. पंपाचा कॉम्प्रेसर वेग कमी करू शकतो, पण एका मर्यादेपर्यंतच. ५ चा पंप सौम्य हवेत साधारण २ किलोवॉटपर्यंत खाली येतो. १० आणि १२ चे त्याच्या दुपटीहून वरच थांबतात. बाहेर १० अंश असताना वरच्या घराची गरज दीड किलोवॉटच असते, माणसांची आणि उपकरणांची ऊब धरली तर त्याहून कमी. म्हणजे ५ चा पंपसुद्धा ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये थोडा चालू-बंद होणारच. तासाला दोन-तीन वेळा झाला तर काळजी नको. सहा-आठ वेळा होत असेल, तर कार्यक्षमता घसरते आणि कॉम्प्रेसरचं आयुष्यही कमी होतं. तळाची मर्यादा आणखी खाली यायला हवी होती, ही या यंत्राविषयीची माझी मुख्य तक्रार.

बिलावरून काढलेला हा आकडा म्हणजे पडताळा. इन्स्टॉलरने खोलीवार हिशेब दिलाच पाहिजे: भिंती, खिडक्या, छत, जमीन, हवेची गळती, प्रत्येक खोलीचे वॉट. खोलीवार हिशेबात ८ किलोवॉट आले आणि बिल ३.५ सांगत असेल, तर बहुधा हवेची गळती फार धरलेली असते किंवा पोकळ भिंतीत भरलेलं इन्सुलेशन मोजायचं राहिलेलं असतं. विचारा. हा प्रश्न विचारला की चांगला इन्स्टॉलर कागद उघडून बसतो, आणि नुसताच विकायला आलेला विषय बदलतो.

पत्रकावरचा ७५ अंशांचा आकडा विकायला सोपा आहे. "रेडिएटर बदलायलाच नकोत," असं त्याच्या जोरावर सांगितलं जातं. पाण्याचं तापमान १ अंशाने वाढलं की कार्यक्षमता साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी घटते. ३५ अंशांच्या पाण्यावर हा पंप वर्षभराच्या सरासरीत १ युनिट विजेमागे साडेचारच्या वर युनिट उष्णता देऊ शकतो; ५५ अंशांवर तोच आकडा साडेतीनच्या आसपास येतो, आणि तोही सगळं नीट बसवलेलं असेल तर. ७५ अंश ही सोय आठवड्यातून एकदा आंघोळीच्या पाण्याच्या टाकीतले जंतू मारण्यापुरती वापरावी.

रेडिएटरचा हिशेब मात्र नीट समजून घेण्यासारखा आहे. पत्रकातले वॉट ७०-७५ अंशांच्या पाण्यासाठी, म्हणजे रेडिएटर आणि खोली यांत ५० अंशांचा फरक धरून लिहिलेले असतात. पाणी ४५ ने जाऊन ४० ने परत आलं, तर सरासरी ४२.५, खोली २०, फरक २२.५. एवढ्या फरकावर रेडिएटर छापील वॉटच्या जेमतेम ३५ टक्के देतो. ६०० बाय १,००० मिलिमीटरचा दुहेरी पत्र्याचा रेडिएटर कागदावर १,७०० वॉटचा असतो, तो इथे ६०० वॉट देईल. बैठकीच्या खोलीला ८०० लागत असतील, तर त्याच जागी तिहेरी पत्र्याचा घ्या. भिंतीवर जागा तेवढीच लागते, जाडी मात्र १० सेंटिमीटरवरून १५-१६ वर जाते. सोफ्यामागे ती मावते का ते पाहा. साधारण निम्म्या खोल्यांत जुने रेडिएटर तसेच चालतात, कारण गॅसच्या काळात ते गरजेपेक्षा मोठे लावलेले होते.

नळ्यांकडे दुर्लक्ष होतं, आणि नंतर तेच नडतं. बॉयलर पाण्याला २० अंशांनी तापवतो, हीट पंप ५ अंशांनी. म्हणजे तेवढीच उष्णता न्यायला चौपट पाणी फिरवावं लागतं. ५ अंशांच्या फरकावर आणि आवाज होणार नाही अशा वेगाने १५ मिलिमीटरची तांब्याची नळी साधारण २.७ किलोवॉट नेते, २२ ची ६, २८ ची १०. पंपापासून पहिल्या फाट्यापर्यंत २८ ची नळी घालून घ्या. १९७० ते ९० च्या काळातल्या बऱ्याच घरांत १० किंवा ८ मिलिमीटरच्या बारीक नळ्या आहेत. १० ची नळी १.१ किलोवॉटपर्यंत चालते, म्हणजे एका रेडिएटरला बहुतेक वेळा पुरते. ८ ची पाऊण किलोवॉटच्याही खाली अडते. त्या बदलायच्या तर फरशा उचलाव्या लागतात, आणि तो खर्च कोटेशनमध्ये पहिल्यापासून दिसला पाहिजे.

"बफर टाकी आवश्यक" असं कोटेशनमध्ये आलं, तर का ते विचारा. बफर म्हणजे पंप आणि रेडिएटर यांच्या मधली पाण्याची टाकी. चार नळ्यांच्या बफरमध्ये पंपाकडून आलेलं गरम पाणी परतीच्या थंड पाण्यात मिसळतं. पंप ४५ ने पाठवतो, रेडिएटरला ४१ मिळतं. खोली गार म्हणून पंपाचं तापमान वाढवलं जातं आणि बिल चढतं. वर दुसरा फिरता पंप लागतो, तोही वीज घेतो. मध्यम घरात सगळे रेडिएटर उघडे ठेवले तर ५ आणि ७ चा पंप बहुधा बफरशिवाय चालतो. डिफ्रॉस्टसाठी, म्हणजे बाहेरच्या पेटीवरचा बर्फ वितळवण्यासाठी, पाण्याचा साठा कमी पडत असेल, तर परतीच्या नळीवर दोन तोंडांची छोटी टाकी लावावी. तिथे मिसळण्याचा प्रश्न येत नाही. आणि खोलीखोलीला वेगळे झोन करू नका. बंद खोल्यांमुळे फिरणारं पाणी कमी होतं आणि पंप पुन्हा चालू-बंद होऊ लागतो.

डिफ्रॉस्टविषयी नवख्यांचा गैरसमज असा की उणे ५ ला पंप सर्वात जास्त कष्ट घेतो. ब्रिटनमध्ये खरी परीक्षा ० ते ३ अंशांच्या ओल्या हवेत होते. हवेतलं बाष्प बाहेरच्या जाळीवर गोठतं, पंप काही मिनिटं उलटा फिरतो, घरातल्या पाण्यातली उष्णता घेऊन बर्फ वितळवतो. पेटीतून वाफेचा ढग निघतो आणि पंखा थांबतो; हे बिघडल्याचं लक्षण समजू नका. दर अर्ध्या तासाला असं होत असेल, तर मात्र पेटी भिंतीला फार चिकटली आहे का, मागची जाळी पानांनी भरली आहे का, ते बघा.

कंट्रोलर सेन्सोकंफर्ट या नावाने येतो. दिसायला नीटनेटका, पण कामाच्या गोष्टी इन्स्टॉलरच्या मेनूत लपवलेल्या. त्यातली सर्वात महत्त्वाची म्हणजे हीट कर्व्ह: बाहेर जितकी थंडी, तितकं पाणी गरम, याचं प्रमाण. बाहेर उणे २ असताना कर्व्ह ०.६ वर पाणी जवळपास ३९ अंशांचं, ०.८ वर ४४ चं, १.० वर ४८ चं होतं. बसवणारा माणूस तक्रारीचा फोन नको म्हणून कर्व्ह बऱ्याचदा चढाच ठेवून जातो. तो तुम्ही उतरवायचा. रेडिएटरवरचे सगळे थर्मोस्टॅटिक (खोली तापली की आपोआप बंद होणारे) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, दुसऱ्या टोकाच्या लॉकशील्ड व्हॉल्व्हने पाणी वाटून घ्या, मग दर दोन दिवसांनी कर्व्ह ०.०५ ने कमी करा. सर्वात गार खोली जिथे तुम्हाला हवी तेवढी उबदार राहायची थांबेल, तिथून एक पायरी वर या. हे काम थंडीतच करायचं. मे महिन्यात केलेलं जुळवणं डिसेंबरमध्ये उपयोगी पडत नाही.

पंप दिवसभर मंद चालू ठेवायचा, रात्री २ अंश खाली, बस. गॅसची सवय सकाळी दोन तास आणि संध्याकाळी चार तास लावायची असते. हीट पंपाला तसं चालवलं की गार घर पटकन तापवायला जास्त गरम पाणी लागतं आणि वाचलेलं सगळं तिथेच जातं. रेडिएटरला हात लावल्यावर ते कोमटच लागतात, त्याची सवय करून घ्यावी लागते. त्यांच्यावर टाकलेले टॉवेल आणि मुलांचे गणवेश रात्रीत वाळतील ही अपेक्षाही सोडावी.

आंघोळीच्या पाण्याला टाकी लागतेच. कॉम्बी काढला की ती उभी करायला २०० लिटरसाठी साधारण ६० सेंटिमीटर व्यासाची जागा शोधा, आणि आतली कॉइल (टाकीतल्या पाण्याला उष्णता देणारी वेटोळी नळी) हीट पंपासाठीची, ३ चौरस मीटरच्या आसपास आहे याची खात्री करा. बॉयलरच्या जुन्या टाकीची कॉइल लहान असते. तिला उष्णता सोडता येत नाही आणि पंप मध्येच थांबतो. २०० लिटर पाणी १५ वरून ४८ अंशांवर न्यायला ७.७ युनिट उष्णता लागते, म्हणजे सुमारे अडीच युनिट वीज आणि ५ च्या पंपाचा दीड तास. त्यातून ४० अंशांचं सुमारे २०० लिटर पाणी नळाला मिळतं. मिनिटाला ८ लिटर सोडणाऱ्या शॉवरखाली ही सहा-सहा मिनिटांच्या चार आंघोळी, किंवा २० लिटरच्या १० बादल्या. दिवाळीला घर पाहुण्यांनी भरणार असेल, तर २५० लिटरची टाकी घ्या. इको मोडमध्ये पाणी हळू तापतं पण वीज कमी लागते; घाई नसेल तर तोच ठेवा.

आता विजेच्या मागणीचा मुद्दा, जो बॉयलर बदलणाऱ्याला परका वाटतो पण त्याच्याच हातात असतो. ऑफजेम ही ब्रिटनमधली वीज-गॅसची नियामक संस्था २०२५ मध्ये सर्वसाधारण घराचा वापर वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस असा धरत होती. हीट पंप आला की विजेचा आकडा जवळपास दुप्पट होतो. वर्षाच्या बेरजेपेक्षा जास्त महत्त्वाचं म्हणजे ती वीज कोणत्या तासाला लागते.

वरचंच ३.५ किलोवॉटचं घर घ्या. बाहेर उणे २, पाणी ४० अंशांचं, पंप दिवसभर सावकाश चालतो; तो साधारण १.२ किलोवॉट वीज ओढेल. ब्रिटिश किटली ३ किलोवॉटची असते आणि घरचा गाडी-चार्जर ७ चा, त्यापुढे हे काहीच नाही. त्याच घरात १० चा पंप, ५५ अंशांचं पाणी आणि सकाळी ६ ला चालू होणारा टायमर असेल, तर ६ वाजता तो सुमारे ४ किलोवॉट ओढतो. टाकीतला इमर्शन हीटर (पाण्यात बुडवलेली विजेची कांडी) किंवा पंपाचा मदतनीस हीटर मध्येच सुरू झाला, तर आणखी ३ ते ६. एका घराला हे पेलतं. अशी १०० घरं एकाच ट्रान्सफॉर्मरवर आली, तर १२० किलोवॉट आणि ४०० किलोवॉट यांतला फरक म्हणजे गल्ली खणून नवी केबल टाकायची की नाही, हा प्रश्न आहे. म्हणून मदतनीस हीटर मेनूत बंद करून ठेवा. योग्य मापाच्या पंपाला तो इंग्लंडच्या थंडीत लागत नाही.

देशपातळीवर या प्रश्नाचा प्रत्यक्ष मोजमापांवरून अभ्यास झाला आहे. सुमारे ७०० पंपांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेगवेगळ्या घरांच्या वेळा एकमेकांत मिसळल्यावर कमाल भार पंपामागे १.७ किलोवॉट निघाला. २० टक्के घरांनी पंप लावले तर ब्रिटनची शिखर मागणी ७.५ गिगावॉटने, म्हणजे १४ टक्क्यांनी वाढेल, असा त्यांचा अंदाज. हल्ली हिवाळ्यातली शिखर मागणी ४५ ते ५० गिगावॉटच्या घरात असते. शंभर टक्के घरांच्या गोष्टी अजून दूर आहेत. २०२४ मध्ये देशात जवळपास १ लाख पंप विकले गेले, आणि आधीच्या सरकारने २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख बसवण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. पण थंडी सगळीकडे एकाच वेळी पडते, आणि वारा नेमका तेव्हाच पडून पवनचक्क्या थंडावल्या की वीज यंत्रणेची दमछाक होते. ८ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी तसं झालं होतं, आणि राखीव वीज मिळवण्यासाठी यंत्रणेला काही वीजकेंद्रांना अवाच्या सवा दर मोजावे लागले. अशा संध्याकाळी ४४ अंशांऐवजी ३९ अंशांवर चालणारा प्रत्येक पंप दहा टक्के भार कमी करतो. हे काम वीज कंपनी करू शकत नाही, कर्व्ह उतरवणारा घरमालकच करतो.

वेळेनुसार दर बदलणारी योजना घेतली तर संध्याकाळचा ताण आणखी टाळता येतो. ऑक्टोपस या वीज कंपनीची कोझी योजना पहाटे ४ ते ७, दुपारी १ ते ४ आणि रात्री १० ते १२ स्वस्त वीज देते, आणि संध्याकाळी ४ ते ७ महाग. दुपारी घर अर्ध्या-एक अंशाने जास्त तापवून ४ ते ७ पंप खाली आणला, तर विटांच्या, इन्सुलेशन असलेल्या घरात त्या तीन तासांत साधारण १ ते दीड अंशाची घट होते. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर एवढंही करू नका. पातळ लाकडी बांधणीच्या घरात ऊब लवकर जाते, तिथे ही युक्ती फारशी चालत नाही. एक धोका आहेच: सगळे ७ वाजून ० मिनिटांनी परत चालू झाले तर शिखर फक्त पुढे सरकतं. वेळापत्रकात ७ वाजून १० किंवा २० मिनिटं टाका. गाडी-चार्जरमध्ये १० मिनिटांपर्यंतचा असा यादृच्छिक उशीर कायद्यानेच घातला आहे.

बसवण्याआधी घरातला मुख्य फ्यूज बघा. ६०, ८० किंवा १०० ॲम्पियरचा असतो. पंप, इंडक्शन शेगडी, विजेचा शॉवर आणि गाडी-चार्जर हे सगळं ६० वर मावत नाही. स्थानिक वितरण कंपनीला कळवण्याचं काम इन्स्टॉलरचं; फ्यूज आणि जोडणी पुरेशी असेल तर बसवल्यावर २८ दिवसांत कळवलं तरी चालतं, शंका असेल तर आधी परवानगी लागते. जुन्या सेमी-डिटॅच्ड आणि ओळीतल्या घरांत आणखी एक अडचण निघते: तुमच्या घराची केबल शेजाऱ्याच्या फ्यूजपेटीतून आलेली असते. कटआउटमधून, म्हणजे मुख्य फ्यूजच्या पेटीतून, एकाऐवजी दोन जाड केबली निघताना दिसल्या, तर तीच शंका घ्या. हा जोड तोडून वेगळी केबल टाकायला वितरण कंपनीला महिनोन् महिने लागू शकतात आणि शेजाऱ्याचं अंगणही खणावं लागतं, म्हणून बॉयलर बंद पडायची वाट न पाहता उन्हाळ्यातच फोटो काढून पाठवा.

पैशांचं गणित. इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड योजनेतून ७,५०० पौंड मिळतात, अर्ज इन्स्टॉलर करतो आणि रक्कम बिलातून वजा होते. त्यासाठी त्याच्याकडे एमसीएस, म्हणजे अशी कामं करणाऱ्यांसाठीचं दर्जाचं, प्रमाणपत्र हवं. मार्च २०२७ अखेरपर्यंत व्हॅट शून्य आहे. पूर्ण काम अनुदानाआधी साधारण १२ ते १४ हजार पौंडांचं होतं. चालवण्याचा खर्च २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबरच्या कमाल दरांनी काढला, तर वीज २६.३५ पेन्स आणि गॅस ६.२९ पेन्स. १२,००० युनिट गॅसचे ७५५ पौंड, वर गॅसचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, रोज लागणारा ठरावीक आकार) १२४, एकूण ८७९. हीट पंपाने १ युनिट विजेला ४ युनिट उष्णता दिली, तर २,५५० युनिटचे ६७२ पौंड. १ ला २.८ च दिले, तर ३,६४० युनिटचे ९६० पौंड. बरोबरीचा बिंदू ३.१ च्या जवळ, आणि तोही गॅसचं कनेक्शन पूर्ण काढलं तरच. शेगडीसाठी गॅस ठेवला तर तो ३.६ च्या जवळ जातो. सरकारने पैसा पुरवलेल्या ७४२ घरांच्या मोठ्या प्रयोगात मध्यक, म्हणजे मधल्या घराचा आकडा, २.८ ते २.९ निघाला होता. म्हणजे सर्वसाधारण कामावर समाधान मानलं तर बचत होत नाही. मापात बसवलेल्या आणि कर्व्ह उतरवलेल्या पंपाला ४ गाठता येतं. कंट्रोलरवर दिसणारा कार्यक्षमतेचा आकडा अंदाजी असतो. पंपाच्या केबलवर वेगळा वीजमीटर आणि नळीवर उष्णतामीटर लावून घेतला, तरच खरं काय ते कळतं. त्याचे काही शे पौंड मी खर्च करायला सांगेन.

शेवटी स्वयंपाकघर, कारण आपल्या घरांत गॅस तोडायला विरोध तिथूनच होतो. इंडक्शनवर फोडणी उत्तम होते, तेल गॅसपेक्षा लवकर तापतं. फक्त कढई सपाट बुडाची आणि चुंबक चिकटणारी हवी. जाड बुडाचा लोखंडी तवा चालतो, पण एकदम नवव्या आकड्यावर टाकला तर मधे वाकतो. पाचवर तापवून मग वाढवा. ज्योतीवरचा फुलका जातो हे खरं. तव्यावरच पोळी उलटून कडांना स्वच्छ फडक्याने दाबली की फुगते, भाकरीला मात्र दुसरी बाजू तव्यावर जास्त वेळ ठेवावी लागते. हे घरच्यांना मान्य झालं, की गॅस पुरवठादाराला मीटर काढून न्यायला सांगा आणि शेवटचं रीडिंग फोटोसकट पाठवून खातं बंद केल्याचं लेखी घ्या. मीटर नुसता बंद करून भिंतीवर राहिला, तर स्टँडिंग चार्ज चालूच राहतो.